बाहेरकाठा

निघायच्या आदल्या रात्री मामाचा फोन येतो. कशी आहेस, काय करतेस, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न : "उद्या तीथ कंची?"

भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून मी सांगते, "पंचमी."

"मंग पावनेचारला भरती. सकाली नवाला बांधावर चढ. बारापरत मागारी ये."

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर तोंडी चालत आलेला आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या ओलांडली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी सुरू. चंद्र रोज पाऊण तासाहून थोड्या जास्त उशिरानं डोक्यावर येतो आणि पाणी त्याच्या मागून. मामाच्या वेळी शाळेत पाऊणकी घोकून घेत. त्याच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी तो पाढा पुढं आयुष्यभर याच एका कामाला वापरला. माझ्या मोबाइलवर भरतीची वेळ मिनिटासकट दिसते. मामाच्या गणितात आणि तिच्यात क्वचितच अर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि बांधावर जाणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाची सवड ठेवायला त्यानंच शिकवलेलं आहे.

गुडघ्यांमुळे मामाला आता बांधावर चढवत नाही. म्हणून दीड-दोन महिन्यांनी मी डोंबिवलीहून येते आणि त्याच्या वतीनं चालून येते. मैत्रिणींना मी सांगते, चालायला जाते. मामा गावात सांगतो, भाची बांध बघायला येते. या दोन वाक्यांमधला फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

अलिबाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं कुलाबा किल्ला येतो, नागावच्या नारळी-पोफळी येतात, मांडव्याचा धक्का येतो. ते सगळं समुद्राच्या अंगाचं. समुद्राकडं पाठ करून पोयनाडच्या दिशेनं आलं आणि पेझारी नाक्यावरून आत वळलं की दुसरंच अलिबाग लागतं. तिथं डोंगर दूर सरकतात, झाडं विरळ होतात आणि जमीन ताटासारखी सपाट होऊन थेट धरमतरच्या खाडीला जाऊन भिडते. हा खारेपाट. अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पेण आणि अलिबाग या दोन तालुक्यांच्या मधून रुंद होत जाते आणि रेवसजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठाकाठानं शहापूर, धेरंड, माणकुळे, बहिरीचा पाडा अशी गावं आहेत. कुठल्या नावाला खार जोडलेलं, कुठल्या नावात पाडा. ज्यानं नाव ठेवलं त्यानं जमिनीचा स्वभावही त्यातच सांगून ठेवला.

ही जमीन माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे. एके काळी इथं खाजण होतं, भरतीचं पाणी दिवसातून दोनदा आत यायचं आणि दोनदा जायचं. मग कुणीतरी चिखलाचा बांध घातला, पाणी बाहेर ठेवलं, दोन-तीन पावसाळे गोड पाण्यानं माती धुऊ दिली आणि भात लावला. ते किती पिढ्यांपूर्वी, याची गावातल्या कुणालाही मोजदाद नाही. उधाणाच्या भरतीला बाहेरकाठ्यावर उभं राहिलं तर एका हाताला खाडीचं पाणी आणि दुसऱ्या हाताला शेत दिसतं, आणि शेत पाण्यापेक्षा खाली असतं. हे मी लहानपणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजीचा पदर धरला होता. बांधाची रुंदी दोन माणसं एकमेकांना अंग चोरून ओलांडतील एवढीच. तेवढ्या मातीवर सगळं गाव झोपतं.

खाडीच्या अंगाचा तो बाहेरकाठा. शेताशेतांमधले आतले बांध वेगळे, ते बुटके. बाहेरकाठ्यावर वाट आहे, पण ती वाट म्हणून कुणी केलेली नाही. पाय पडून पडून बांधाचा माथा घट्ट झाला, तीच वाट. पक्के रस्ते नव्हते तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते बांधावरूनच. पोयनाडच्या बाजाराला जाणाऱ्या बाया डोक्यावर पाटी घेऊन पहाटे एकामागोमाग एक बांधावरून निघायच्या. पाटीत निवट्या, चिंबोऱ्या, खाडीची कोलंबी, जाताना वजन आणि येताना चहा-साखर. आजी सांगायची की तिच्या लग्नाचं वऱ्हाड बांधावरून आलं आणि वरमाय घसरली म्हणून दोन दिवस रुसवा चालला. शाळेतली पोरं, पोस्टमन, मास्तर, मर्तिकाची खबर घेऊन धावणारा माणूस, सगळ्यांचे पाय त्याच मातीवर पडायचे. आणि प्रत्येकाच्या पायांना सवयच होती : मऊ लागलं की थांबायचं, टाच दाबून बघायची, गावात पोचल्यावर सांगायचं.

मामानं मला चालायला शिकवलं ते असं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. लांब खाडीत शिडाचं गलबत दिसलं म्हणून मी मान वर करून चालत होते. त्यानं मागून वेणी ओढली. "बांधावरशी चालताना पायाखाली बंगाचा. लांब बंगाचा नाय."

त्या पंचमीला मी सव्वानऊला बांधावर चढले. माघाचा महिना, हवेत अजून गारवा होता. भात कापून दोन-अडीच महिने झालेले, शेतात नुसता धसकटांचा पिवळा. सखल जागी मीठ फुलून आलं होतं, दुरून कुणी पीठ सांडल्यासारखं दिसतं. पाणी पार उतरलं होतं. खाडीच्या अंगाला चिखल उघडा पडला होता, ओला, करडा आणि उन्हात चकाकणारा. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो मेलेला वाटतो. दहा मिनिटं उकिडवं बसावं लागतं, मग तो हलायला लागतो.

आधी दिसतात ते खेकडे, नखाएवढे, एक नांगी अंगाहून मोठी असलेले. नर ती नांगी वरखाली करत बसतो, माद्यांना बोलावण्यासाठी. मग निवटी. मासा असून निवटी ओहोटीला चिखलावर वावरते. पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखी अंग ओढते, थांबते, डोक्यावर बसवलेले दोन डोळे फिरवते आणि मध्येच एका कुशीवर लोळून पाठ ओली करून घेते. कातडी ओली राहिली तरच तिला हवेत श्वास घेता येतो. त्या दिवशी एक निवटी माझ्या सावलीपासून हातभर अंतरावर होती. माझी सावली हलली तशी ती तीन उड्यांत बिळात गेली आणि बिळाच्या तोंडाशी पाण्याचा एक बुडबुडा येऊन फुटला. या निवटीचं कालवण मामी करते तसं मी दुसरीकडं कुठं खाल्लेलं नाही. आणि तरी चिखलावर तिला चालताना पाहिलं की खाल्ल्याचं वाईट वाटतं, हेही खरं.

चिखलापुढं तिवरं. त्यांची मुळं जमिनीतून वर येतात, पेन्सिली खोचल्यासारखी शेकड्यांनी उभी असतात. चिखलात हवा नाही म्हणून झाड मुळांनी वरून श्वास घेतं. तिवराच्या पानाची मागची बाजू पांढुरकी असते. उन्हं चढल्यावर पान तोडून जिभेला लावलं तर खारट लागतं, झाडानं घामासारखं मीठ बाहेर टाकलेलं असतं. आम्ही लहानपणी कैरीबरोबर ते पान चाटायचो. खाडीच्या आणखी आत कांदळ आहे. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि हिरव्या शेंगेसारखं लोंबत राहतं, वेळ झाली की भाल्यासारखं सरळ चिखलात पडतं. बांधाच्या कडेला काटेरी पानांची मारांडी. फेब्रुवारीत तिला अजून फुलं नसतात, उन्हाळ्यात निळी-जांभळी येतील.

चिखलाच्या कडेला शेकाटे आपल्या लाल काटकुळ्या पायांवर उभे होते. तुतवाऱ्यांचा एक थवा उठला, वळताना सगळ्यांची पोटं एकदम पांढरी चमकली आणि तो पुन्हा बसला. मी बघत राहिले. मामाचं सांगणं आठवलं आणि नजर पायाखाली आणली.

अर्ध्या तासावर उघाडी लागते. ज्यानं कुणी उघाडीची युक्ती पहिल्यांदा काढली त्याला माझा नमस्कार आहे. बांधाच्या पोटातून दगडी मोरी काढलेली, आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर वरून टांगलेली झडप. भरती आली की बाहेरचं पाणीच झडपेला दाबून मोरी बंद करतं. ओहोटी लागली, बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून निघून जातं. कुणी माणूस नको, चावी नको, दोरी नको. खाडी स्वतःच दार लावते आणि स्वतःच उघडते. लहानपणी आम्ही भरतीच्या वेळी तिथं जाऊन बसायचो, झडप लागतानाचा आवाज ऐकायला. आधी ती दोन-तीनदा कुरकुरते, उघडते, मिटते. मग पाण्याचा जोर बसला की एक दबका ठोका. त्यानंतर आतल्या अंगाला एकदम शांत होतं.

त्या दिवशी झडपेच्या फटीत पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली अडकली होती, चेपून बोटभर जाडीची झालेली. झडप तेवढी उघडी राहत होती. बोटभर फट म्हणजे काय, असं शहरातल्या कुणालाही वाटेल. पण भरतीचे सहा तास त्या फटीतून खारं पाणी आत येत असतं, आणि दिवसातून दोन भरत्या. मोरीच्या दगडांना कालवं चिकटलेली, धारदार. बाटली काढताना तळहात कापला. मोरीबाहेरच्या डबक्यात एक बगळा ताटकळत होता, तो उडालासुद्धा नाही.

मी दहा वर्षांची असताना श्रावणातल्या अमावास्येच्या रात्री खांड गेली. बांधाला भगदाड पडून पाणी आत शिरलं की इथले लोक खांड गेली असं म्हणतात. फुटली असं म्हणत नाहीत. देवळातली घंटा वाजायला लागली. मामा उठून तसाच धावला, मागून आजोबा, आणि मला कुणी थांबवायच्या आत मीही. पाऊस थांबलेला होता. बांधाच्या दिशेनं कंदील आणि बॅटऱ्यांची रांग हलत होती आणि पुढं पाण्याचा आवाज, नदीसारखा, जिथं नदी नाही तिथं.

भरती चढत असताना खांड बुजवता येत नाही, पाणी माती घेऊन जातं. वाट बघावी लागते. ती वाट बघणं मला अजून आठवतं. पन्नास-साठ माणसं अंधारात उभी होती आणि बोलत कुणीच नव्हतं. जिताड्याच्या तळ्यांवरून पाणी जात होतं. आमच्याकडं घरागणिक तळं असतं, पावसाळ्यात खाडीतून आलेली जिताड्याची पिल्लं त्यात सोडायची आणि पाहुणा येईपर्यंत, सण येईपर्यंत वाढवायची. कुणाच्या तळ्यातले चार-चार वर्षांचे जिताडे त्या रात्री खाडीला मिळाले. मग मध्यरात्रीनंतर पाणी फिरलं. ओहोटी लागली तशी माणसं खांडीत उतरली. दोन्ही बाजूंनी तिवराच्या फांद्या रोवल्या, पेंढा कोंबला आणि खाजणातून मातीच्या ढेपा कापून हातोहात पुढं द्यायला सुरुवात झाली. रांगेत बाया होत्या, पोरं होती. माझ्या हातातही ढेप आली. ती थंडी आणि ते वजन, कडेवर तान्हं मूल घेतल्यासारखं. दुपारच्या भरतीच्या आत बांध उभा राहिला. आजीनं आणि शेजारणींनी मोठ्या टोपात भात रांधला होता, सगळ्यांनी चिखलाच्या हातांनी खाल्ला.

अशा सामुदायिक कामाला इथं जोळ म्हणत. ज्याची जेवढी जमीन, त्याचं तेवढं बांधाचं काम. खांड गेली तर मात्र जमिनीचा हिशेब नाही, प्रत्येक घरातून माणूस. या शब्दाला आता सांगणारेच उरलेत, करणारे कमी.

पण या जोळीत एक मोठा अन्याय दडलेला होता आणि तो सांगितल्याशिवाय खारेपाटाची गोष्ट अर्धी राहते. बांध घालणारे हात कुळांचे आणि जमीन सावकार-खोतांची. खाडी अडवायची कुळानं, भात न्यायचं मालकानं. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा झाली आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं, जमीन कसायची नाही. ते शेत नाकारणं सहा वर्षं चाललं. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये 'कृषीवल' हे वृत्तपत्र निघालं. सहा वर्षं नांगर लागला नाही. लोक लाकूडफाटा विकून, मोलमजुरी करून आणि खाडीतली मासळी-चिंबोरी धरून जगले. मला या गोष्टीत सर्वात आत जाऊन भिडतं ते हेच. जिला पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं, तिनंच या माणसांना सहा वर्षं जेवू घातलं. १९३९ मध्ये कूळ कायदा आला, त्यामागं या संपाचा मोठा रेटा होता. चरीच्या रस्त्यानं जाताना आपण भाताच्या साध्या शेतांतून जातोय असं वाटतं. देशातल्या शेतकऱ्यांच्या सर्वात दीर्घ संपांपैकी एक या मातीत झाला, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. मला ते आजोबांनी बांधावर बसून सांगितलं.

पुढं १९४८ मध्ये दोन कायदे झाले. एक कुळांचा, ज्याच्या वाटेनं पुढं कसेल त्याची जमीन झाली. दुसरा खार जमिनींचा, ज्याच्या वाटेनं बांधाची काळजी हळूहळू सरकारकडं गेली. १९७९ मध्ये महाराष्ट्रानं त्यासाठी नवा कायदा केला. मी हे दोन कायदे शेजारी ठेवून बघते तेव्हा थबकते. आधी बांध गावाचा होता आणि जमीन दुसऱ्याची. नंतर जमीन गावाची झाली आणि बांध दुसऱ्याचा. दोन्ही एका हाती कधीच आले नाहीत. सरकारनं घातलेले दगडी तोंडाचे बांध जुन्या बांधांपेक्षा उंच आणि मजबूत होते, यात शंका नाही. पण बांध मजबूत आहे की नाही हे कळण्यासाठी त्याच्यावरून रोज कुणीतरी चालावं लागतं. गावागावांत डांबरी रस्ता आला, मिनीडोर आली, पोरं कारखान्यांत आणि मुंबईला कामाला लागली. यात वाईट काहीच नाही. मी स्वतः त्याच वाटेनं डोंबिवलीला पोचले. बाजाराच्या बाया आता मिनीडोरनं जातात आणि त्यांच्या माना दुखत नाहीत. फक्त बांधावरचे पाय गेले.

खांड एका लाटेनं क्वचितच जाते. ती आधी चिंबोरीचं बीळ असते. बाहेरच्या अंगानं चिंबोरी भोक पाडते, आतल्या अंगानं उंदीर, घूस. दोन्ही कुठंतरी भेटतात. मग एका भरतीला पाझर, दुसऱ्या भरतीला मनगटाएवढी धार, आणि उधाणाच्या रात्री बैलगाडी जाईल एवढं दार. खाडीतून आता मोठाली बार्ज ये-जा करतात, त्यांच्या लाटा बांधाच्या पायथ्याची माती ओढतात असं शेतकरी सांगतात. मी स्वतः बार्ज गेल्यानंतर बांधाखालचं पाणी गढूळ होताना पाहिलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळच किनाऱ्याला लागलं. पण मामाची दीड एकराची खाचरं वादळानं गेली नाहीत. ती त्याच्याही आधी, एका साध्या भाद्रपदातल्या उधाणाला गेली. खांड दिवसाच्या भरतीला गेली आणि संध्याकाळपर्यंत कुणालाच कळलं नाही. त्या बांधावरून तेव्हा कुणी जातच नव्हतं. अर्ज झाले, पंचनामे झाले. खांड बुजली तेव्हा दोन वर्षं उलटली होती.

मी त्या पंचमीला तिथवर गेले. त्या खाचरांत आता तिवर आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. भाताच्या बांधाच्या रेषा अजून कळतात आणि त्यांच्यावर मुळांच्या पेन्सिली उभ्या आहेत. ते रान सुंदर आहे. तिथं खंड्या बसतो, कोलंबीची पिल्लं वाढतात, आणि पाणी शिरताना पानांमधून जो बारीक सूर येतो तो ऐकत राहावासा वाटतो. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ पासून कांदळवनं तोडायला मनाई केली, २०१८ च्या निकालात तीच भूमिका पक्की केली. राज्यानं २०१२ मध्ये त्यासाठी वेगळा कक्ष काढला. हे सगळं व्हायला हवंच होतं, त्याआधी किनाऱ्यावर जी कत्तल झाली ती मी पाहिलेली आहे. बाहेरकाठ्याच्या बाहेरचं तिवर ही आमची पहिली राखण, लाटेचा जोर तेच मोडतं. आजोबा बाहेरचं तिवर कधी तोडू देत नसत, खांडीला लागतील तेवढ्याच फांद्या.

पण मामाच्या सातबाऱ्यावर भात आहे आणि शेतात वन आहे. ते त्यानं लावलं नाही, त्याला तोडता येत नाही, आणि त्याच्या नुकसानीची भरपाई कुठल्या रकान्यात लिहायची हे त्याला कुणी सांगत नाही. मला याचा राग येतो. राग तिवराचा नाही. बांध राखला असता तर झाड झाडाच्या जागी राहिलं असतं आणि भात भाताच्या. दोघांच्या मधली ती चार हात माती कुणाची जबाबदारी, एवढाच प्रश्न होता. मामा मात्र तिवरावर कधी चिडत नाही. एकदा म्हणाला, "त्याचीच जागा व्हती. आपून मागून घेतलेली."

जुन्या खांडीच्या पुढं बांध वळण घेतो. वळणावर एकच भेंडीचं झाड आहे, त्याच्या सावलीत मी पाणी प्यायले. साडेदहा वाजले होते. ओहोटी सरून पाणी फिरलं होतं. ते दिसत नाही, पण चिखलावरचे खेकडे बिळांच्या तोंडाशी सरकायला लागतात. तिथून परत फिरावं असा बेत होता. परतताना मी बांधाच्या माथ्यावरून न चालता आतल्या उतारानं, शेताच्या अंगानं चालले, मामा चालायचा तशी.

भेंडीपासून तीसेक पावलांवर माती वेगळी दिसली. बाकीचा उतार सुकून फिकट पडलेला, भेगाळलेला. तिथं मात्र दोन हात रुंदीचा एक डाग, गडद. ऊन चांगलं चढलेलं असून तो डाग वाळत नव्हता. त्याच्या कडेनं मोरस उगवली होती, हिरवी, टवटवीत, खाऱ्या ओलीत वाढणारी. मी टाच ठेवली. टाच आत गेली, घोट्यापर्यंत नाही, पण गेली. वर चढून बाहेरच्या अंगाला वाकून बघितलं. दगडांच्या फटीत बीळ होतं आणि त्याच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या बारीक गोळ्या, रात्रीच काढलेल्या.

मी खाजणातून ओंजळभर माती घेतली आणि बिळाच्या तोंडावर दाबली. दाबतानाच कळत होतं, हे काही खरं नाही. वरून बुजवलेलं बीळ म्हणजे लपवलेलं बीळ. ते मुळापासून खणून काढावं लागतं, मळलेली माती थराथरानं आत ठासावी लागते. पण हात रिकामे घेऊन तिथून निघवेना. पावलं मोजत भेंडीपर्यंत परत गेले, पुन्हा मोजत आले. एकतीस. खूण म्हणून एक फांदी रोवली.

बारापर्यंत गावात पोचले. मामा ओट्यावर बसला होता. मामीनं पांढऱ्या कांद्याची वेणी खाली उतरवली होती, जेवणात निवट्या होत्या. मामानं जेवू दिलं नाही. आधी त्याचे प्रश्न.

"उघाडी?"

बाटलीचं सांगितलं. तळहात दाखवला. त्यानं हात धरून कापलेलं बघितलं, मामीला हळद आणायला सांगितली आणि विचारलं, "झडप सरळ लोंबतंय का एका अंगाला?"

मी आठवलं. "सरळ."

"खांडीवरची माती बसली का खाली?"

"थोडी. टाचेएवढी."

"भेंडीपुढं?"

त्यानं भेंडीपुढं का विचारलं, मला आजही माहीत नाही. एवढी वर्षं ज्या मातीवरून तो चालला तिचं त्याला आतून काही कळत असेल. मी एकतीस पावलं सांगितली, ओल सांगितली, मोरस सांगितली, बिळाच्या तोंडाशी ताज्या गोळ्या होत्या तेही सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मोरस म्हटल्यावर त्यानं मान हलवली.

मग भिंतीला धरून तो उठला, खिळ्यावरचं कालनिर्णय काढून आणलं आणि डोळ्यांजवळ धरून बोट फिरवत अमावास्येच्या चौकटीवर थांबला.

"धा दिस हाईत," तो म्हणाला. आणि आत बघून मामीला हाक मारली, मागच्या पडवीतलं घमेलं आणि फावडं बाहेर काढून ठेव म्हणून.